डाव्या वाटीचा मृदुंग

१४ जुलै १९८६, सोमवार

आज बसलेला धक्का लिहून काढल्याशिवाय घास घशाखाली उतरायचा नाही. म्हणून गिरणीचे पट्टे विकणाऱ्या एजंटाने जानेवारीत दिलेली ही डायरी उघडली. एवढे दिवस तिच्यावर माझ्या बायकोचा, राहीचा, दिवा ठेवलेला असायचा.

सदू चहावाला माझी चाल गुणगुणत होता. माझी! ग्लास विसळता विसळता, अगदी बापाची असल्यासारखी! मी पिठाचा डबा हातात घेऊन तसाच उभा राहिलो. गणपतीतल्या सामन्यासाठी मी जो जबाब रचतोय त्याची ती चाल. अजून मी ती विठूलाही ऐकवलेली नाही, आणि विठू तर आमच्या जाखडी नाचाचा मृदुंगवाला, वीस-बावीस वर्षं माझ्या डाव्या हाताला बसणारा.

सदू तुरेवाला आणि आम्ही शक्तीवाले. गौरी गेल्या की हातखंब्याला दोन्ही मंडळं समोरासमोर बसणार. त्यांचा शाहीर गाण्यातून प्रश्न टाकणार आणि मी आधी बांधलेल्या चालीत तिथल्या तिथे शब्द बसवून, गाण्यातूनच, त्याला जबाब देणार. जबाबाची चालच आधी फुटली तर मग मी काय, टाळ कुटू?

दोष हेडफोनचा. गेल्या सालच्या सामन्याची कॅसेट मी दुपारी गिरणी बंद करून ऐकतो. त्यांचा शाहीर कुठे खोचतो, कुठे घसरतो, सगळं पुन्हा पुन्हा ऐकावं लागतं. कानाला असतात त्या स्पंजाच्या दोन टिकल्या. आवाज बाहेर गळतो. मधे एक कुडाची भिंत आणि पलीकडे सदूची टपरी. लोकांच्या भिंतीला कान असतात, माझ्या भिंतीला अख्खा सदू चिकटलाय.

राही म्हणाली, "आवो, कॅशेटीत गेल्या सालची गाणी हायत. मग नवी चाल गळंल कशी?" यंत्रातलं तिला काय कळतंय!

१७ जुलै

एस.टी.ने रत्नागिरीला जाऊन आलो. जमालकडे. हा कुवेतला रेडिओ दुरुस्त करायचा, आता परत येऊन बाजारात टेप-कॅसेटचं दुकान टाकलंय. गेल्या साली सामन्याची कॅसेट त्यानेच भरली. दोन माइक लावले होते, एक माझ्यापुढे आणि एक विठूच्या मृदुंगापुढे. माणूस गोड बोलतो. गोड बोलणाऱ्याकडे मी जरा तिरकंच बघतो.

म्हणाला, "बुवा, तुमचा हेडफोन उघड्या पाठीचा. मागे जाळी हाय, बघा. जेवढं तुम्ही ऐकणार तेवढं शेजारीपण ऐकणार. तुम्हाला बंद पाठीचा हवा. आतलं आत, बाहेरचं बाहेर."

"आणि हा डावीकडे हळू वाजतो," मी म्हटलं.

त्याने कानाला लावून बघितला. "मला तर सारखे वाटतात."

"तुला वाटतील. तू विकलास ना!"

हसला आणि बदलून दिला. नवा बंद पाठीचा आहे, काळा, कडक. वरचे पैसे द्यायला राहीने साखरेच्या डब्यातून काढून दिले होते. तिला मी सांगितलंय, शाहीर म्हणून राहायचं तर हे लागतंच.

२३ जुलै

हा हेडफोन आहे का अडकित्ता? अर्धी कॅसेट होईपर्यंत कान लाल. उजव्या कानातली भिकबाळी आत रुततेय, चष्म्याची काडी कानशिलात घुसतेय, घामाने तर आत डबकं झालंय. त्यात डावी वाटी याचीही हळूच. दोनदा एकच खोट? जमाल चांगला माल रत्नागिरीकरांना ठेवून खोटा आम्हा खेडवळांना काढून देतो काय?

बाकीही सगळं बिनसलंय. गिरणीचे दगड गुळगुळीत झालेत. मी तीस वर्षं डावा कान दगडाला लावून पीठ बारीक आलं का जाड ते सांगतो, चिमटीत घेऊन बघायची गरज पडत नाही. हल्ली दगड नीट बोलतच नाहीत. दोनदा टाकी मारून घेतली. टाकीवाला म्हणतो दगड चांगले आहेत. कामचुकार मेला.

राहीने जेवायचा माझा पाट हलवून चुलीच्या दुसऱ्या अंगाला मांडलाय. विचारलं तर म्हणते, "धूर लागतो तुमाला." तीस वर्षांत धूर लागला नाही तो आता लागणार!

लोकही हल्ली पुटपुटतात. कुणी तोंड उघडून बोलत नाही. एक सदू तेवढा माझ्याशी बोलताना बोंबलतो, जसा काय मी पार पल्याड पाली गावात उभा आहे.

२९ जुलै

सदूने आज दुसरं कडवं म्हटलं! शब्दांसकट!!

बंद पाठीचा हेडफोन, कान सोलून निघाले तरी काढला नाही, आणि तरी? जमालच्या दुकानात जाऊन तो त्याच्या डोक्यात घालायचा असं ठरवून घरात शिरलो. राही तांदूळ निवडत होती. मी हातवारे करून सांगत होतो आणि ती पदर तोंडाला लावून हसत होती.

"काय झालं हसायला?"

"आवो, त्या फोनातनं चिलटाएवढा आवाज येत नाय. तुमीच त्यो घालून बोंबलत असता. परवा गंगा दळण घेऊन आली तर दारातनंच मागं फिरली. तिला वाटलं, बुवाच्या अंगात आलं."

मी गुणगुणतो असं मला वाटत होतं. मी आतल्या आत गुणगुणतो! तिला म्हटलं, खोटं बोलतेस. तिने देवाची शपथ घेतली.

म्हणजे दोन आठवडे मीच सदूला शिकवणी दिली. फी तरी घ्यायची होती.

ती चाल आता गेली, दुसरी बांधायची. आता तोंडात सुपारी ठेवून बसणार.

५ ऑगस्ट

दुपारभर जमालच्या दुकानात बसून होतो. या वेळी मीही कपाळाला गंध लावून, ठरवून गेलो होतो. घाईत घेतलेली बायको आणि घाईत घेतलेली वस्तू परत देता येत नाही. आधी डोक्यावर चढवणार, चहा पिणार, कॅसेटची एक बाजू ऐकणार आणि मग बोलणार.

चार-पाच बघितले. एक हलका, पण वाटी कानावर बसत होती, कानाभोवती नाही, पुन्हा बाळी रुतणार. एक देखणा जपानी, किंमत ऐकून मी तो हळूच खाली ठेवला. शेवटी जमालने आतून एक काढला, कुवेतहून येताना स्वतःसाठी आणलेला. वाट्या मोठ्या, अख्खा कान आत मावतो. गादी मऊ, चष्म्याच्या काडीला वाट देणारी. वरचा पट्टा रुंद, पण डोकं आवळत नाही. पाठ बंद. घातला आणि बाजार नाहीसा झाला. गाडीवाले भांडताना दिसत होते आणि आवाज नाही, हसूच आलं मला. कॅसेटची बाजू संपली तरी काढावासा वाटेना.

जमाल म्हणाला, "वापरलेला हाय, त्या भावात न्या. जपानीच्या पाव किमतीत."

"झकास आहे. पण डावी वाटी..." मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "बुवा, हा मी चार वर्षं वापरलाय. डावी ठीक हाय. तुम्ही एकदा डॉक्टरला..."

मी त्याचं ऐकून घेतलंच नाही. माल विकायचा यांनी आणि औषध घ्यायचं आम्ही! पण हेडफोन मात्र घेऊन आलो. एवढा सुखाचा दुसरा मिळायचा नाही.

१० ऑगस्ट

सापडलं! डोक्यात लख्ख उजेड पडला.

तीन हेडफोन, तिन्हींची डावी वाटी हळू. तीन नग एकाच जागी खोटे कसे असतील? जमाल चोर असला तरी एवढा हुशार चोर नाही. म्हणजे खोट हेडफोनात नाही, कॅसेटमध्ये आहे. आणि कॅसेटच्या डाव्या बाजूला काय आहे? विठूचा मृदुंग!

माझा आवाज उजवीकडे खणखणीत. टाळ, घुंगरं, सगळं ठीक. मृदुंग मात्र विहिरीत पडल्यासारखा. म्हणजे गेल्या साली विठूने ढिला हात ठेवला. मुद्दाम. आता एकेक गोष्ट आठवतेय. दोन वर्षं मला तालमीतही त्याचा मृदुंग लागत नाही, मी ओरडतो, "जोरात, रे!" आणि तो मान हलवतो. परवा बोटाला चिंधी बांधून आला. विचारलं तर म्हणे, फणस फोडताना लागलं. श्रावणात कुठला रे फणस?

तुरेवाल्यांनी त्याला फोडला असणार. सदूच्या टपरीवर तो बसतोच. माझा विठू!

१२ ऑगस्ट

तालमीला सगळे जमले. देवाला गाऱ्हाणं घालून झालं. मी हेडफोन नेला होता, कॅसेट सगळ्यांपुढे ठेवली आणि विठूला उभा केला.

"तू गेल्या साली ढिला वाजवलास. माझ्याजवळ पुरावा आहे."

तो म्हणाला, "मी? ढिला?"

"मग हे काय आहे? मृदुंग ऐकूच येत नाही यात!"

सगळे खाली बघत होते. मला वाटलं, लाजेने बघतायत. विठूने हेडफोनला हातही लावला नाही. फडक्याने मृदुंगाची शाई पुसली, गवसणी चढवली, मृदुंग भिंतीला टेकवून ठेवला आणि म्हणाला, "बुवा, तुला ऐकू येत नसंल तर मी वाजवून काय उपेग?" आणि चिखलातून निघून गेला. छत्रीही विसरला.

मुंबईला असलेल्या आमच्या मंडळातल्या बाबूला पत्र टाकतोय, गणपतीला येतोच आहे तर मृदुंग धर म्हणून. राही तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

लिहायला नको वाटतंय. तरी लिहितो.

दुपारी जमाल आला. मोटारसायकलवरून, भिजून. म्हणे नाक्यावर कळलं, तुम्ही माझ्या कॅसेटवरून माणूस काढलात. रागावला होता. गोड बोलणारा माणूस रागावला की घरातली भांडीसुद्धा गप्प होतात.

"मी भरलेली कॅसेट हाय ती, बुवा! मृदुंगाच्या बाजूचा आवाजाचा काटा रात्रभर लाल रेघेवर नाचत होता. मला दोनदा आवाज कमी करावा लागला. आणि तुम्ही म्हणता ऐकू येत नाय?"

मी म्हटलं, "ऐक तर मग." आणि ऐकवायला आधी स्वतःच घातला, नेहमीची जागा लावली, मी गण गातोय ती. उजवीकडे माझा आवाज. डावीकडे ती विहीर.

जमाल पुढे आला. काही न बोलता त्याने माझ्या डोक्यावरचा हेडफोन काढला, उलटा केला आणि परत घातला. डावी वाटी उजव्या कानावर.

आई शप्पथ! मृदुंग! असा धाडधाड, जसा डोक्यात कुणी बांबू आपटतोय. प्रत्येक थाप, प्रत्येक बोट. किती जोरात, किती जोरात वाजवलाय विठूने! जीव तोडून! आणि माझा आवाज गेला. मी गातोय आणि मीच नाही. तो विहिरीत पडला, डाव्या अंगाला.

मी हेडफोन सरळ केला. मृदुंग गेला. उलटा केला, आला. पुन्हा सरळ, पुन्हा उलटा. किती वेळ करत होतो कोण जाणे. शेवटी जमालने माझा हात धरला.

"हेडफोन बरोबर हाय, बुवा," तो म्हणाला. माझ्या उजव्या अंगाला येऊन म्हणाला.

डावा कान. दगडाला लावायचा तो.

२५ ऑगस्ट

राहीला विचारलं, तुला ठाऊक होतं? ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. मग म्हणाली, "दोन वरसं झाली. पाट उगाच हलवला काय?"

"आणि मंडळाला?"

"सगळ्यांस्नी. त्या सदूलासुदिक. बोंबलतो कशापायी मग त्यो?"

मी भिंतीला टेकून बसलो. अख्खा नाका माझ्या कानाची सोय बघत होता आणि मी लोकांना पुटपुटे म्हणत होतो! मी ओरडलो तिच्यावर, मेल्यांनो, सांगायचं नाही कुणी? ती म्हणाली, "शाहिराला कोण सांगंल, बहिरा झालास म्हणून? प्रश्न ऐकू नाय आला तर जबाब कसला? विठू बोललेला, बुवाला ऐकू येईस्तवर मी जोरात वाजवीन, तुमी गप ऱ्हावा."

बोट. चिंधी. श्रावणातला फणस.

तिने भाकरी वाढली. मी खाल्ली नाही. तीही जेवली नाही.

२७ ऑगस्ट

विठूकडे गेलो. त्याची छत्री घेऊन. ओटीवर बसला होता. उजव्या हाताची दोन बोटं सुजून अशी ताठ, की चहाचा पेला त्याने डाव्या हाताने पुढे केला. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सांगितलंय, सांध्याला मार बसलाय, आता मृदुंग नाही.

वाटेत मी सगळं जुळवून नेलं होतं. भर मैदानात, हजार माणसांपुढे मला शब्द कधी कमी पडला नाही. तिथे ओटीवर बसून मी म्हणालो, "यंदा भात बरं आहे तुझं."

"बरं हाय," तो म्हणाला.

छत्री कोपऱ्यात ठेवली आणि आलो. थू माझ्या शाहिरीवर.

७ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

गणपती आला. बाबूही आला, हात बरा आहे त्याचा. डॉक्टरकडे जाऊन आलो. डावा गेलेला येणार नाही, उजवा जपा म्हणाले. सामन्यातून नाव काढून घ्यावं असं दोनदा मनात आलं. समोरून प्रश्न येतो तेव्हा टाळ, घुंगरं, नाचणारे आणि लोकांच्या आरोळ्या एकात एक असतात. गेल्या साली मी कसा जबाब दिला? आता कळतं, त्यांचा शाहीर प्रत्येक प्रश्न दोन-दोनदा आणि माझ्याकडे तोंड करून का गात होता. मी तेव्हा इथेतिथे सांगत सुटलो होतो, त्याला पाठांतर नाही म्हणून!

१५ सप्टेंबर

काल सामना झाला.

बसायला गेलो. गुरूंपासूनची रीत, शाहिराच्या डाव्या हाताला मृदुंग. बाबू डावीकडे बसला. मी उजवीकडे बघितलं तर तिथे टाळवाल्याला सरकवून विठू मांडी घालत होता. हातात काही नाही. ताठ बोटं मांडीवर.

मी म्हटलं, "विठू, तू इथे..."

तो माझ्या उजव्या कानाशी वाकला. "माझा हात गेला, तुझा कान गेला. पण माझं कान दोन हायत. एक तू घे."

गाऱ्हाणं सुरू झालं. सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं, त्यात त्याचं "व्हय" सगळ्यात जवळून आलं. बाबूने दोनदा ठेका धरला तेव्हा कुठे गण सुरू झाला.

तुरेवाल्यांनी प्रश्न टाकला. विठूने तो शब्दन् शब्द कानात सांगितला. मी जबाब दिला. दुसरा आला, दिला. पहाटेपर्यंत. कोण जिंकलं ते आता पुढच्या गणपतीपर्यंत नाक्यावर भांडून ठरवतील.

पण विठूला म्हणायचं ते अजून राहिलंच आहे.

१६ सप्टेंबर

दुपारी गिरणी बंद केली आणि विठूला बोलावून आणलं. जमाल येऊन परवाच्या सामन्याची कॅसेट देऊन गेला होता, पण मी गेल्या सालची लावली. विठूने स्वतःचा मृदुंग उभ्या आयुष्यात कधी लांबून ऐकलाच नव्हता. हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवला, गादी कानाभोवती नीट बसवली, डावी डावीकडे, उजवी उजवीकडे. विचारलं, रुततंय का? त्याने मान हलवली नाही. ऐकूच गेलं नव्हतं.

टेप सुरू झाली. आधी तो दचकला. मग त्याने डोळे मिटले. ती दोन ताठ बोटं गुडघ्यावर वाजायला लागली, ठेक्यावर, आणि डोळ्यांतून पाणी. किती वेळ बसला होता. काढ म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

मग मी बोललो. म्हटलं, "विठू, मी चुकलो, रे. मी आंधळा आणि बहिरा दोन्ही झालो होतो. तुझ्या हाताची माती केली मी. मला माफ कर." सगळं, वाटेत त्या दिवशी जुळवलेलं, एका दमात. आणि तो डोळे मिटून डोलत राहिला. बंद पाठीचा हेडफोन! बाहेरचं बाहेर!

मी कपाळावर हात मारला. त्याला हालचाल जाणवली असावी, एक वाटी उचलून म्हणाला, "काय बोललास?"

पुन्हा म्हणायचं. आता समोर बघत, त्याच्या डोळ्यांत. पण म्हटलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही शब्द न गाळता. मला वाटलं, हळूच म्हणतोय.

विठू काही बोलायच्या आत कुडाच्या पलीकडून सदू ओरडला, "आयकला, बुवा! आख्ख्या नाक्यानं आयकला! विठू, आता दे की माफी, माझा चहा निवतोय!"

विठू हसला. वाटी परत कानावर ठेवली आणि बोटाने खूण केली, कॅसेट पहिल्यापासून लाव म्हणून.